डिस्प्ले बफर कधी बदलावा आणि जुना कधी सोडावा: ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी

पडद्यावर काहीही हलत नसले तरी मेमरीतले चित्र त्याच्याकडे पाठवणारा डिस्प्ले कंट्रोलर क्षणभरही स्वस्थ बसलेला नसतो. १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा, सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा पडदा घेतला, तर दर पिक्सेलला ४ बाइट या हिशेबाने सुमारे ८३ लाख बाइटांचा बफर, म्हणजे चित्र साठवलेला मेमरीचा तुकडा, हा कंट्रोलर दर १६.७ मिलिसेकंदांनी वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत नव्याने वाचत असतो. या वाचण्याला स्कॅनआउट म्हणतात. ते चालू असताना त्याच बफरात कोणी लिहू लागले, तर पडद्याचा एक भाग जुन्या फ्रेमचा आणि दुसरा नव्या फ्रेमचा दिसतो आणि चित्र आडवे फाटल्यासारखे वाटते. म्हणून किमान दोन बफर ठेवायचे, एक दाखवायचा, दुसऱ्यात रेखाटायचे आणि योग्य क्षणी त्यांची अदलाबदल करायची, एवढे सर्वांना ठाऊक असते. सगळी अडचण ‘योग्य क्षणी’ या दोन शब्दांत आहे.

त्या क्षणाविषयी ड्रायव्हरला दोन प्रश्नांची खात्रीची उत्तरे द्यावी लागतात. नवा बफर वाचायला तयार झाला आहे का, हा पहिला प्रश्न. आणि जुना बफर हार्डवेअरच्या हातून खरोखर सुटला आहे का, हा दुसरा. पहिल्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, कारण तो चुकला की अर्धवट चित्र लगेच डोळ्यांना दिसते. दुसऱ्याचे उत्तर मात्र पुष्कळ ड्रायव्हर अंदाजाने देतात: कंट्रोलरच्या रजिस्टरात (त्याला सूचना देण्याच्या कप्प्यात) नव्या बफरचा पत्ता लिहिला आहे, त्यानंतर एक इंटरप्ट (हार्डवेअरने सीपीयूला दिलेला इशारा) आला आहे, म्हणजे जुना बफर सुटला असेल, असे ते धरून चालतात. हा अंदाज हजारात नऊशे नव्याण्णव वेळा खरा ठरतो आणि म्हणूनच त्यातली चूक चाचणीत न सापडता वापरणाऱ्याच्या टेबलावर सापडते. पुढचे विवेचन लिनक्स कर्नलमधील डीआरएम ही ग्राफिक्स आणि डिस्प्ले सांभाळणारी उपप्रणाली आणि तिची ॲटॉमिक मोडसेटिंगची (सगळे बदल एकत्र तपासून एकदमच लागू करण्याची) रचना समोर ठेवून केले आहे. पण हे दोन प्रश्न कोणत्याही कार्यप्रणालीत, अगदी कार्यप्रणाली नसलेल्या मायक्रोकंट्रोलरवरही, तसेच उभे राहतात.

आधी हार्डवेअरचे वेळापत्रक लिहून काढावे

कोडची एक ओळ लिहिण्यापूर्वी एका फ्रेमचा काळ कागदावर मांडावा. वर सांगितलेल्या १०८० ओळींच्या पडद्याचे प्रचलित वेळापत्रक असे असते: पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ, एका ओळीत दृश्य आणि अदृश्य मिळून २२०० पिक्सेल आणि एका फ्रेममध्ये ११२५ ओळी. म्हणजे एका ओळीला सुमारे १४.८ मायक्रोसेकंद लागतात, आणि १०८० दृश्य ओळी संपल्यावर उरलेल्या ४५ ओळींचा, म्हणजे सुमारे ६६७ मायक्रोसेकंदांचा काळ असा असतो की त्यात पडद्यावर एकही पिक्सेल जात नाही. हाच व्हीब्लँक. संपूर्ण फ्रेमच्या मानाने तो अवघा चार टक्के आहे. ‘व्हीब्लँकमध्ये काम उरकू’ असे म्हणताना हातात किती वेळ आहे, हे या आकड्यावरून कळते. कर्नलमधला एखादा धागा दुसऱ्या कामामुळे मिलिसेकंदभर बाजूला पडणे ही रोजची गोष्ट आहे, आणि तेवढ्यात हा सगळा काळ निघून जातो.

त्यामुळे बहुतेक कंट्रोलर दुहेरी रजिस्टरे देतात. ड्रायव्हर लिहितो ते एका सावली-रजिस्टरात. हार्डवेअर ठरावीक क्षणी त्यातली किंमत प्रत्यक्ष वापरातल्या रजिस्टरात उचलून घेते. या उचलण्याला लॅच होणे म्हणतात. आता हार्डवेअरच्या दस्तऐवजातून पुढील गोष्टींची उत्तरे शोधावीत, आणि ती तिथे नसतील तर प्रत्यक्ष मोजून काढावीत. कोणती रजिस्टरे दुहेरी आहेत आणि कोणती लिहिताक्षणी लागू होतात? लॅच व्हीब्लँकच्या सुरुवातीला होतो, सिंकच्या ओळीवर होतो की पहिली दृश्य ओळ सुरू होण्याच्या थोडे आधी? व्हीब्लँकचा इंटरप्ट लॅचच्या आधी येतो की नंतर? लॅच झाला की नाही हे सांगणारा एखादा बिट आहे का? सध्या कितवी ओळ चालू आहे हे वाचता येते का?

यातला इंटरप्टविषयीचा प्रश्न सर्वांत जास्त वेळा दुर्लक्षिला जातो. इंटरप्ट व्हीब्लँकच्या सुरुवातीला आणि लॅच त्याच्या शेवटी अशी रचना असेल, तर ‘इंटरप्ट आला म्हणजे बफर बदलला’ हे विधान सरळ खोटे आहे. मधल्या सहाशेहून अधिक मायक्रोसेकंदांत लिहिलेला पत्तासुद्धा याच फ्रेमला लागू होईल. केवळ दस्तऐवजावर विसंबू नये असे मी आवर्जून सांगेन, कारण तिथे ‘पुढील फ्रेमपासून लागू’ एवढेच वाक्य असते आणि पुढची फ्रेम नेमकी कोणत्या ओळीपासून मोजायची, हे लिहिलेले नसते. दोन वेगवेगळ्या सपाट रंगांचे बफर घ्यावेत, चालू ओळीचे रजिस्टर वाचत ठरावीक ओळीवर पत्ता लिहावा आणि कितव्या ओळीपर्यंत लिहिलेले याच फेरीत उचलले जाते, हे ओळ एकेक पुढे सरकवत पाहावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. पुढचे कित्येक आठवडे वाचतात.

अर्धवट लिहिलेली रजिस्टरे

एक फ्लिप, म्हणजे बफरांची एक अदलाबदल, क्वचितच एका रजिस्टरात भागते. पत्ता, ओळीची लांबी, पिक्सेलचा प्रकार, प्लेनची (पडद्यावर रचल्या जाणाऱ्या चित्राच्या थराची) जागा आणि आकार, रंगांची सारणी असे बरेच काही एकत्र बदलायचे असते. ड्रायव्हरने यातली निम्मी लिहिली आणि तेवढ्यात लॅच झाला, तर हार्डवेअर निम्मी नवी आणि निम्मी जुनी अवस्था घेऊन एक संपूर्ण फ्रेम दाखवते.

एका कंट्रोलरवर काम करताना मी हे फार जवळून पाहिले आहे. तिथे बफरचा ६४ बिटांचा पत्ता ३२ बिटांच्या दोन रजिस्टरांत विभागून लिहावा लागे, आणि मध्येच कधीतरी एका फ्रेमपुरता सगळा पडदा रंगीत कचऱ्याने भरून जाई. हा प्रकार तासन्‌तास होत नसे आणि मग एका मिनिटात चारदा होई. यंत्रावर मेमरीचा ताण वाढला की तो हमखास दिसतो, हे लक्षात आल्यावर उलगडा झाला. एरवी दोन्ही बफर ४ जीबीच्या खालच्या भागात मिळत, त्यामुळे वरच्या रजिस्टरातली किंमत दोन्हींसाठी शून्यच असे आणि लॅच मध्ये पडला तरी बिघडत नसे. मेमरी भरत गेली की एक बफर ४ जीबीच्या वर जाई; मग खालचा अर्धा पत्ता नव्या बफरचा आणि वरचा अर्धा जुन्याचा अशी जोडी जुळून कंट्रोलर तिसऱ्याच कोणाची मेमरी पडद्यावर दाखवे. दिसायला ते एक क्षणिक लुकलुकणे होते, पण दुसऱ्या प्रक्रियेची मेमरी पडद्यावर येणे हा सुरक्षेचाही प्रश्न आहे.

यावर दोन उपाय आहेत. हार्डवेअरमध्ये ‘आता लागू करा’ असा बिट असेल, तर तोच वापरावा: सगळी सावली-रजिस्टरे लिहून झाल्यावर शेवटी हा बिट लावायचा, तो लागेपर्यंत कितीही लॅच-क्षण येऊन गेले तरी हार्डवेअर जुन्या अवस्थेवर कायम राहते. मात्र आधीचा बिट अजून उतरलेला नसताना पुन्हा सावली-रजिस्टरांना हात लावू नये, नाहीतर लॅच नेमका त्या लिहिण्याच्या मध्ये येऊन तोच दोष पुन्हा उद्भवतो. काही हार्डवेअरमध्ये पत्त्याचे रजिस्टर लिहिणे हाच इशारा धरलेला असतो. तिथे ते रजिस्टर शेवटीच लिहिले पाहिजे, आणि पुढे कोणी कोडची मांडणी बदलताना तो क्रम मोडू नये म्हणून तिथे तशी टिप्पणीही लिहून ठेवावी.

असा बिट नसेल तर लॅच-क्षण चुकवावा लागतो. इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरमध्ये यासाठी १०० मायक्रोसेकंदांची मर्यादा ठेवलेली आहे: स्थानिक इंटरप्ट बंद करायचे, चालू ओळ वाचायची, आणि व्हीब्लँक सुरू व्हायला १०० मायक्रोसेकंदांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर व्हीब्लँक सुरू होऊन लॅच-क्षण टळेपर्यंत थांबून मगच लिहायचे. आपल्या उदाहरणातल्या पडद्यावर १०० मायक्रोसेकंद म्हणजे जवळजवळ सात ओळी. आपल्या ड्रायव्हरसाठी हा आकडा ठरवताना सर्वांत वाईट परिस्थितीत सगळी रजिस्टरे लिहायला किती वेळ लागतो, तो मोजून त्यावर थोडी सूट ठेवावी. या टापूत रजिस्टर लिहिण्याखेरीज काहीही करू नये. सगळे हिशेब, सगळ्या किमती आधीच काढून ठेवलेल्या असाव्यात. मेमरी मागणे किंवा झोपू शकणारा लॉक घेणे इथे चालणार नाही आणि लॉगमध्ये संदेश छापणेही टाळावे.

नवा बफर तयार आहे का

ग्राफिक्स प्रोसेसर आपले काम स्वतःच्या वेळेने करतो. अनुप्रयोगाने ‘हा बफर दाखवा’ असे सांगितले तेव्हा त्या बफरात रेखाटण्याच्या आज्ञा केवळ रांगेत लागलेल्या असू शकतात. ते काम पूर्ण झाल्याची खूण म्हणजे फेन्स. लिनक्समध्ये बफर एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे देण्यासाठीची डीएमए-बफ यंत्रणा २०१२ साली ३.३ आवृत्तीत आली. बफरबरोबर त्याच्या फेन्सही वाहून नेल्या जातात तो अंतर्निहित मार्ग. डिस्प्ले ड्रायव्हरला त्या बफरला चिकटलेल्याच मिळतात. दुसरा मार्ग स्पष्ट फेन्सचा: अनुप्रयोग किंवा कंपोझिटर (अनेक खिडक्यांचे एक चित्र जुळवणारा प्रोग्राम) प्रत्येक प्लेनसाठी ‘ही खूण होईपर्यंत थांबा’ असे इन-फेन्स गुणधर्मातून स्वतः सांगतो. ड्रायव्हरने दोन्ही मार्ग सांभाळावेत. स्पष्ट फेन्स दिलेली असली तरी कर्नलने स्वतः सुरू केलेल्या हालचालींची, उदाहरणार्थ बफर एका मेमरीतून दुसऱ्या मेमरीत हलवण्याची, वाट पाहावीच लागते, कारण अनुप्रयोगाला त्यांची माहितीच नसते. प्लेनची तयारी करणारे प्रमाणित हेल्पर फंक्शन हे सगळे करते. ते टाळून स्वतःचे लिहिण्याला फार सबळ कारण हवे.

वाट पाहण्याची जागा चुकली की सगळी रचना बिघडते. ॲटॉमिक रचनेत तपासणीचा टप्पा वेगळा आणि अंमलाचा टप्पा वेगळा असतो. तपासणीत फक्त ‘हे शक्य आहे का’ एवढेच ठरवायचे; तिथे हार्डवेअरला स्पर्श करायचा नाही आणि फेन्सची वाटही पाहायची नाही, कारण कंपोझिटर हा टप्पा केवळ चाचपणीसाठी एका फ्रेममध्ये अनेकदा चालवतो. बफर मेमरीत पक्का बांधणे, त्याचा पत्ता मिळवणे ही जी कामे फसू शकतात ती तयारीच्या टप्प्यात उरकावीत. त्यानंतर नवी अवस्था जुन्या अवस्थेच्या जागी बसते, आणि त्या क्षणापासून अपयशाला वाव राहत नाही. कमिट म्हणजे नवी अवस्था लागू करण्याची एक विनंती. न अडवणाऱ्या कमिटमध्ये फेन्सची वाट यानंतर, वर्करच्या धाग्यात पाहायची, म्हणजे बोलावणारा अनुप्रयोग लगेच मोकळा होतो. अडवणाऱ्या कमिटमध्ये मात्र अवस्था बसवण्यापूर्वीच वाट पाहावी, म्हणजे मध्येच सिग्नल आला तर काहीही न बिघडवता परत फिरता येते.

सीपीयूने रेखाटलेल्या बफरांसाठी फेन्स नसते, पण कॅश असते. ज्या यंत्रांत डिस्प्ले कंट्रोलर सीपीयूची कॅश पाहू शकत नाही, तिथे लिहिलेली माहिती मेमरीपर्यंत पोचवण्याची जबाबदारी सॉफ्टवेअरची आहे. हा दोष ओळखायला सोपा असतो: पडद्यावर एकेक ओळ उंचीचे, नेमके १६ पिक्सेल रुंदीचे जुन्या रंगाचे तुकडे विखुरलेले दिसतात, कारण ६४ बाइटांच्या एका कॅश-ओळीत ४ बाइटांचे १६ पिक्सेल मावतात. असे तुकडे दिसले की फेन्सच्या मागे लागू नये. डीएमए-बफवर सीपीयूचा वापर सुरू झाल्याची आणि संपल्याची नोंद दिली जाते का, ते पाहावे. त्याच कारणाने बफरमधले लिहिणे आणि रजिस्टरमधले लिहिणे यांचा क्रमही जपावा. रजिस्टर लिहिण्याच्या साध्या फंक्शनमध्ये मेमरी-बॅरियर (आधीचे लिहिणे आधी पूर्ण करवणारा अडसर) असतो, शिथिल प्रकारात नसतो, आणि वेगाच्या मोहाने सरसकट शिथिल प्रकार वापरणे हे अशा दोषांचे नेहमीचे उगमस्थान आहे.

फ्लिप झाल्याची घटना नेमकी कधी पाठवावी

आता दुसरा प्रश्न. अनुप्रयोगाला फ्लिप पूर्ण झाल्याची घटना (इव्हेंट) मिळाली की तो जुना बफर मोकळा समजून त्यात पुढची फ्रेम रेखाटू लागतो. म्हणजे ही घटना नुसती सूचना नाही. जुन्या बफरच्या मालकीचे ते हस्तांतर आहे. ती कशी चुकते हे ओळींच्या हिशेबाने पाहू. ओळी ० ते १०७९ दृश्य, १०८० ते ११२४ अदृश्य, आणि लॅच व १०८० व्या ओळीचा इंटरप्ट एकाच वेळी, असे धरू.

पहिली शक्यता: ड्रायव्हर १०७९ व्या ओळीवर नवा पत्ता लिहितो आणि त्यानंतर ‘पुढच्या व्हीब्लँकला घटना पाठव’ अशी नोंद करायला निघतो. पत्ता लिहिल्यावर पंधरा मायक्रोसेकंदांच्या आत लॅच होतो, इंटरप्ट दुसऱ्या कोअरवर येतो आणि तिथे पाठवण्याजोगी घटना नसल्याने तसाच संपतो. आपला धागा थोडा उशिरा पोचून नोंद करतो. ती आता पुढच्या व्हीब्लँकसाठी धरली जाते. चित्र बरोबर दिसते, पण घटना १६.७ मिलिसेकंद उशिरा जाते, आणि दोनच बफरांवर चालणारा अनुप्रयोग ती फ्रेम गमावतो. हे वरचेवर होऊ लागले की सेकंदाला ६० फ्रेमचा वेग ३० वर घसरतो.

दुसरी शक्यता: हा उशीर टाळावा म्हणून कोणी क्रम उलटा करतो. आधी नोंद, मग पत्ता. १०७९ व्या ओळीवर नोंद होते, १०८० ला इंटरप्ट येतो, तो हाताळणारे फंक्शन, म्हणजे हँडलर, प्रामाणिकपणे घटना पाठवतो, आणि पत्ता लिहिला जातो १०८१ व्या ओळीवर, म्हणजे लॅच होऊन गेल्यावर. आता पुढची संपूर्ण फ्रेम जुन्याच बफरमधून वाचली जाणार आहे, पण अनुप्रयोगाला मात्र तो बफर मोकळा झाल्याचे कळवले गेले आहे. तो लिहू लागतो आणि चित्र फाटते. पहिल्या चुकीत वेग जातो, दुसरीत चित्रच खोटे होते. म्हणून दोहोंपैकी एकीचीच निवड करणे भाग असेल तर उशीर पत्करावा, घाई कधीही पत्करू नये.

निवड करण्याची वेळ सहसा येत नाही. हार्डवेअरला फ्लिप पूर्ण झाल्याचा स्वतंत्र इंटरप्ट असेल, तर घटना फक्त तिथूनच पाठवावी. मग प्रश्नच मिटला. तो नसेल पण लॅच होताच उतरणारा ‘लागू करा’ बिट असेल, तर घटना ड्रायव्हरच्या स्वतःच्या रचनेत जपून ठेवावी, प्रत्येक व्हीब्लँक-इंटरप्टमध्ये तो बिट वाचावा आणि उतरलेला दिसला तरच घटना पाठवावी. इंटरप्ट लॅचच्या आधी येणाऱ्या हार्डवेअरवर मात्र यामुळे घटना एक फेरी उशिरा जाते, म्हणून तिथे लॅचनंतरच्या एखाद्या ओळीवर इंटरप्ट लावता येतो का ते पाहावे. बिट लावणे आणि घटना जपून ठेवणे या दोन कृती डीआरएमच्या घटना-लॉकखाली एकत्र कराव्यात, आणि हँडलरनेही तोच लॉक घेऊन बिट व घटना दोन्ही पाहावे, म्हणजे मधल्या फटीत कोणी शिरत नाही.

दोन्ही सोयी नसतील, तर वर सांगितलेली लॅच चुकवण्याची पद्धत इथेही कामी येते: घटना-लॉक घ्यावा, पुरेशा ओळी शिल्लक आहेत याची खात्री करावी, पत्ता लिहावा आणि त्याच लॉकमध्ये घटना सज्ज करावी. इथे आणखी एक बारकावा आहे. आपण लिहिले त्याच्या काही क्षण आधीच होऊन गेलेल्या व्हीब्लँकचा हँडलर कदाचित अजून चाललेलाच नसतो. लॉक सुटताच तो आत येतो आणि आपली नवी घटना त्या जुन्या व्हीब्लँकच्या नावे पाठवून देऊ शकतो. डीआरएमचे घटना सज्ज करणारे हेल्पर फंक्शन यासाठी व्हीब्लँकची अचूक संख्या त्या क्षणी पुन्हा मोजते आणि घटनेवर ‘यापुढची’ अशी संख्या लिहिते, त्यामुळे उशिरा आलेला हँडलर तिला हात लावत नाही. पण ही मोजणी अचूक होण्यासाठी ड्रायव्हरने हार्डवेअरचा फ्रेम-गणक किंवा चालू ओळीवरून काढलेला नेमका वेळ यांपैकी एक तरी पुरवलेला असला पाहिजे. नवीन ड्रायव्हरमध्ये ‘हे नंतर पाहू’ म्हणून वगळले जाणारे फंक्शन नेमके हेच असते, आणि ते वगळले की ही फट कायमची उघडी राहते.

घटनेबरोबर जाणारी वेळही खरी असावी. डीआरएममध्ये ती इंटरप्ट आल्याची वेळ नसते. व्हीब्लँक संपून पहिला दृश्य पिक्सेल बाहेर पडतो ती असते. व्हिडिओ आणि ध्वनी जुळवणारे प्रोग्राम या आकड्यावर अवलंबून असतात, म्हणून चालू ओळीवरून ती काढताना व्हीब्लँकच्या आतल्या ओळी ऋण संख्येने मोजल्या जातात ना, ते तपासून घ्यावे.

जुना बफर सोडणे

घटना पाठवणे आणि बफरची मेमरी मोकळी करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोन्हींना एकच अट लागू आहे. नवी अवस्था हार्डवेअरला सोपवून झाली, हे पहिले टोक. फ्लिप प्रत्यक्षात झाला, हे दुसरे. आणि जुन्या बफरची बांधणी सोडवणे या दोन्हींनंतरच. प्रमाणित क्रमात फ्लिप पूर्ण होण्याची वाट पाहिल्यावरच स्वच्छतेचे फंक्शन बोलावले जाते. हा क्रम बदलून लवकर सोडवणूक केली, तर आयओएमएमयू (उपकरणांचा मेमरीवरचा वावर तपासणारे हार्डवेअर) असलेल्या यंत्रावर दोषाचा संदेश येतो, आणि नसलेल्या यंत्रावर दुसऱ्याला दिली गेलेली मेमरी उरलेल्या फ्रेमपुरती दाखवली जाते.

आउट-फेन्स, म्हणजे ड्रायव्हरने बाहेर दिलेली फेन्स, हा याच घटनेचा दुसरा अवतार आहे. ती पूर्ण झाल्याची खूण घटनेबरोबरच उमटते आणि तिच्यावर ग्राफिक्स प्रोसेसरची पुढची कामे थेट थांबलेली असू शकतात. त्यामुळे फेन्सचा मूलभूत नियम डिस्प्ले ड्रायव्हरलाही बांधतो: एकदा बाहेर दिलेली फेन्स ठरावीक काळात पूर्ण झालीच पाहिजे. अवस्था बसल्यापासून घटना जाईपर्यंतच्या मार्गात मेमरीची मागणी करू नये, कारण मेमरी मोकळी करण्यासाठी कर्नल कदाचित याच फेन्सची वाट पाहत बसेल आणि दोघेही कायमचे अडकतील. कर्नलमध्ये या मार्गाला खुणा लावण्याची सोय आहे. त्या लावल्या आणि लॉकडेप (लॉकांचा क्रम तपासणारी कर्नलमधली सोय) चालू ठेवला, तर असा अडकाव प्रत्यक्षात घडण्याआधीच इशारा मिळतो.

एकाच पडद्यासाठी आधीचा फ्लिप पूर्ण झालेला नसताना न अडवणारा दुसरा कमिट आला, तर ‘व्यस्त’ अशी त्रुटी परत करणे हेच बरोबर आहे. तो गुपचूप रांगेत लावणे उदारपणाचे वाटते, पण त्यामुळे कोणता बफर कोणाच्या ताब्यात आहे याचा हिशेब अनुप्रयोगाच्या हातून सुटतो.

पडदा बंद होताना

पडदा बंद झाला की व्हीब्लँक येत नाही, आणि त्याची वाट पाहणारी घटना कायमची लटकते. लॉगमध्ये दहा सेकंदांनी फ्लिपची वाट पाहून थकल्याचा संदेश दिसला, तर पुष्कळदा कारण हेच असते. ज्या कमिटमध्ये पडदा बंद होतो, त्यातली घटना ड्रायव्हरने बंद करण्याचे काम संपल्यावर लगेच, स्वतः पाठवावी. बंद करताना व्हीब्लँकची यंत्रणा बंद करणारे आणि चालू करताना ती चालू करणारे फंक्शन जोडीने बोलवावे. मध्ये हार्डवेअरचा गणक शून्यावर गेला तरी अनुप्रयोगाला दिसणारी संख्या मागे जात नाही, ती याच जोडीमुळे. घटना सज्ज करण्यापूर्वी व्हीब्लँकचा संदर्भ मिळवणे आणि ती गेल्यावर सोडणे हेही विसरू नये. कोणी संदर्भ धरलेला नसेल, तर कर्नल मूळ ठरवणीनुसार पाच सेकंदांनी हा इंटरप्ट बंद करतो. परिणामी चाचणीत धडधडीत चालणारा कोड स्थिर पडद्यावर काही सेकंदांनंतरच्या पहिल्याच फ्लिपला अडकतो.

ज्या पडद्यांच्या पॅनेलमध्येच स्वतःची मेमरी असते आणि ज्यांना सांगितल्यावरच फ्रेम पाठवायची असते, तिथे लॅचच्या जागी पाठवणी पूर्ण झाल्याचा इंटरप्ट घ्यावा आणि पॅनेलकडून येणाऱ्या टेअरिंग-इफेक्ट संकेतावर पाठवणी सुरू करावी. बाकीचा विचार तोच. व्हीब्लँकची वाट न पाहणारा असिंक्रोनस फ्लिप मात्र फक्त पत्ता बदलत असेल तरच स्वीकारावा.

तपासणी

डोळ्यांनी पाहून या दोषांची खात्री होत नाही. आयजीटी या चाचणी-संचातील फ्लिप, व्हीब्लँक आणि कर्सर यांच्या चाचण्या आधी चालवाव्यात. कंट्रोलर बाहेर पडणाऱ्या फ्रेमचा सीआरसी (पिक्सेलांवरून काढलेली तपासणी-संख्या) काढू शकत असेल तर तो डीबगएफएसमधून (कर्नलच्या दोष-शोधनाच्या फाइल-प्रणालीतून) उपलब्ध करून द्यावा: लाल बफरचा सीआरसी आणि निळ्याचा सीआरसी आधी नोंदवायचा, मग तासभर अदलाबदल करायची; या दोहोंपलीकडची तिसरी किंमत एकदाही दिसली, तर ती फ्रेम मिश्र होती. घटना वेळेवर जातात का हे पाहण्यासाठी व्हीब्लँकची नोंद, घटना रांगेत लागल्याची नोंद आणि ती पोचल्याची नोंद असे कर्नलचे तीन ट्रेसबिंदू पुरेसे आहेत.

शेवटी फटी मुद्दाम रुंद कराव्यात. पत्ता लिहिणे आणि घटना सज्ज करणे यांच्या मध्ये तात्पुरता काही मायक्रोसेकंदांचा, मग अर्ध्या फ्रेमचा, मग दोन फ्रेमचा विलंब घालावा, आणि तसाच विलंब इंटरप्ट-हँडलरच्या सुरुवातीलाही घालून पाहावा. लॉक धरून केलेल्या विलंबाने यंत्र मंदावेल, फ्रेमही गळतील. पण तिसरा सीआरसी येता कामा नये आणि नव्या पत्त्याचा लॅच होण्यापूर्वी एकही घटना जाता कामा नये. विलंब घालताच यांपैकी काही घडले, तर विलंब नसतानाही ते घडतच होते, फक्त कमी वेळा; अशा वेळी विलंब काढून टाकू नये, तो तसाच ठेवून आधी क्रम दुरुस्त करावा.